सतराव्याचं काय, रावसाहेब?

रावसाहेब, तुम्ही गेल्यापासून मी फोनला घाबरते. वाजला तरी घाबरते, आणि बराच वेळ वाजला नाही तर त्याहून जास्त. तुम्ही असता तर हसला असता. "ताई, फोन वाजतोय म्हंजी हॉस्पिटल चालू हाय," असं म्हणत हातातला चहा खाली न ठेवता तुम्ही तो उचलायचात. आता तो फोन माझ्या टेबलावर आलाय आणि माझा चहा रोज गार होतो.

शोकसभेत सगळे चांगलं बोलले. गंगापूर रोडच्या आपल्या हॉस्पिटलमध्ये पहिला कंप्यूटर आला तेव्हापासूनचे तुम्ही, गावाहून येताना स्टाफसाठी कांद्याची गोणी आणणारे तुम्ही, कुणाच्याही घरच्या लग्नात पंगत वाढायला उभे राहणारे तुम्ही. मला बोलायला सांगितलं तर मी दोन वाक्यांत आटपलं आणि खाली बसले. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणाला हार कसा घालतात ते मला कळत नाही.

भांडण त्या सोळाचंच. तुम्हाला काय सांगायचं, पण हे कुणा तिसऱ्याने वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. आपल्याकडचे सगळे रिपोर्ट आणि स्कॅन एका सर्व्हरवर असतात. प्रत्येक विभागाचं एक फोल्डर, प्रत्येक फोल्डरचा एक ग्रुप, आणि ज्याचं नाव त्या ग्रुपमध्ये त्यालाच ते उघडतं. डॉक्टर वॉर्डातल्या कंप्यूटरवर लॉगिन करतात तेव्हा तो कंप्यूटर सर्व्हरकडे एक चिठ्ठी पाठवतो असं समजा: हा माणूस अमुक नंबरचा, आणि हा या या ग्रुपमधला. सर्व्हर चिठ्ठी बघतो आणि दार उघडतो. गोम एवढीच, की त्या चिठ्ठीवर सोळाच ग्रुप मावतात. आपल्या दोघांच्याही आधी कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी हे ठरवून ठेवलंय. त्यांना वाटलं असणार, एका माणसाचं काम असून असून किती ठिकाणी असणार!

सतरावा ग्रुप असला तर तो चिठ्ठीवर येतच नाही. लाल अक्षरं येत नाहीत, घंटा वाजत नाही, कुणाला काही कळत नाही. माणूस आपल्याच विभागाच्या दारात उभा राहतो आणि सर्व्हर त्याला म्हणतो, परवानगी नाही. मला या गप्पपणाची भीती पहिल्या दिवसापासून वाटत आली. आणि सोळाच्या वर जातो कोण? ज्याची सगळीकडे गरज असते तोच. एका जागी बसून काम करणाऱ्याला कधीच त्रास होत नाही. आपल्याकडे भूल देणाऱ्या डॉक्टर अनघा. ऑपरेशनचं ओटी त्यांचं, आयसीयू त्यांचं, बाळंतपणाची खोली त्यांची, एंडोस्कोपीत त्या, कॅथलॅबमध्ये त्या. जिथे जिथे माणसाला झोपवायचं असतं तिथे तिथे त्या हव्यातच.

तुमचा यावरचा उपाय म्हणजे चालत जाणं. एक आत घ्यायचा तर एक बाहेर काढायचा, हा तुमचा नियम, आणि बाहेर कुठला काढायचा ते फोनवर विचारायचं नाही, समोर जाऊन विचारायचं. लहान मुलांचं नवं ओटी सुरू झालं तेव्हा तुम्ही अनघा मॅडमना जिन्यात गाठलं होतंत. मी मागे उभी होते.

"मॅडम, नवं ओटी तुम्हाला उघडून देतो. कोणतं दार बंद करू ते सांगा."

"अहो रावसाहेब, मला सगळीच लागतात."

"सगळी लागत्यात हो. पण रोज कोणतं लागत नाय?"

त्यांनी विचार करून एंडोस्कोपी सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि परत येताना मला म्हणालात, पंगतीत सोळाच पानं मांडलीत, सतराव्याला उपाशी उठवण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. मी म्हटलं, सतरावं पान मांडा की! तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत.

तुमचा आणखी एक नियम होता, आणि तो मला निव्वळ हळवेपणा वाटायचा. सोडून गेलेल्या किंवा वारलेल्या माणसाचं खातं तुम्ही कधी पुसायचा नाहीत. त्याला कुलूप लावायचात. मी म्हणायचे, हे काय स्मारक आहे का? तुम्ही म्हणायचात, "माणूस गेला म्हणून त्याचा नंबर लगेच दुसऱ्याला द्यायचा नसतो." मला वाटायचं तुम्ही माणुसकीचं बोलताय. तुम्ही तांत्रिक बोलत होता हे मला तुमच्या दहाव्याला कळलं. कदाचित दोन्ही बोलत असाल. तुमचं हे नेहमीचंच, एका वाक्यात दोन गोष्टी घालायच्या आणि समोरच्याला अर्धीच कळू द्यायची.

मी तुम्हाला कितीदा सांगितलं, एक सेटिंग आहे. सर्व्हरला सांगायचं, चिठ्ठीवरचे ग्रुप बघूच नको. फक्त माणसाचा नंबर बघ, आणि तो माणूस कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते तुझ्या स्वतःच्या यादीत शोध. मग सतरा असोत की सत्तावीस. तुम्हाला ते माहीत होतं. माझ्या आधीपासून माहीत होतं. पण तुम्ही हात लावायला तयार नव्हता.

"ताई, सर्व्हरवरची यादी कधीपासून कुणी झाडलेली नाय. वॉर्डात एकाचा नंबर एक, तिथं भलताच. आज सतराव्याचं एक दार बंद ऱ्हातंय. उद्या सर्व्हरला एखाद्याचा नंबरच सापडला नाय तर त्याची सगळीच्या सगळी बंद. आणि नेमका तो मनुष्य ओटीत उभा असला मग?"

"मग यादी झाडूया."

"झाडू की. हे नव्या बिल्डिंगचं उरकू द्या."

नव्या बिल्डिंगचं म्हणजे कधी न संपणारं. तुमची भीती खरी होती, हे मी तोंडावर कधी मान्य केलं नाही. पण माझीही खरी होती. सगळ्या हॉस्पिटलची दारं एका माणसाच्या डोक्यात बसलेली, आणि तो माणूस रोज नाशिक रोडहून स्कूटरवर येणारा, दुपारी डबा अर्धा खाऊन उठणारा, कुणी हाक मारली की निघालाच. शेवटच्या दिवशी मी चिडून म्हणाले होते, "सगळं तुमच्या डोक्यात ठेवलंत. तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं?" मला रिटायरमेंट म्हणायचं होतं, रावसाहेब. देवाशपथ तेच म्हणायचं होतं.

तुम्ही हेल्मेट घालता घालता हसलात. "गेल्यावर बघू की."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. तुमच्या मुलाचा फोन आला. तेव्हापासून मी फोनला घाबरते.

दहाव्याला मी गोदाघाटावर आले होते. ऊन चढलेलं, पिंड ठेवलेला, आणि कावळे आपले समोरच्या भिंतीवर निवांत. एकही खाली येईना. तुमच्या मुलानं शेताचं बघतो म्हणून हात जोडले, धाकट्या भावानं आईची काळजी घेईन म्हटलं. कावळा हलला नाही. मागून कुणीतरी बाई हळू आवाजात म्हणाली, "काय राहिलं आसंल मनात?" माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी मला वाटलं, मला माहीत आहे काय राहिलंय ते, आणि ते या सगळ्यांसमोर कसं बोलायचं?

तेवढ्यात माझा फोन वाजला.

अनघा मॅडम होत्या. आवाज एकदम सपाट. घाबरल्या की त्यांचा आवाज सपाट होतो. "मंजू, मला लहान मुलांच्या ओटीचं फोल्डर उघडत नाहीये. श्वासनळीत शेंगदाणा अडकलेलं लेकरू आलंय. सीटीवाल्यांनी फोनवर तोंडी सांगितलंय, पण मला नळी घालायच्या आधी स्वतः बघायचंय. फिल्म काढून वर आणेपर्यंत थांबायला मी तयार नाही. काल उघडत होतं."

काल उघडत होतं.  मी घाट चढून दगडी भिंतीच्या सावलीत गेले आणि आपल्या प्रसादला फोन लावला. मी सुट्टीवर असताना विभागात तो एकटाच होता.

"प्रसाद, सकाळपासून काय बदललंस?"

"काहीच नाही मॅडम." मग जरा थांबून म्हणाला, "ऑफिसचा मेल होता. रावसाहेबांचं खातं काढून टाका म्हणून. ते काढलं. आणि सगळ्यांना त्यांचे फोटो टाकता यावेत म्हणून 'श्रद्धांजली' नावाचं फोल्डर केलं. त्याचा ग्रुप करून सगळ्या स्टाफला त्यात घातलं. आज दहावा आहे ना, म्हणून."

मला तिथेच सगळं दिसलं. प्रत्येक खात्याबरोबर त्याचा स्वतःचा एक ग्रुप असतो, त्याला एक नंबर असतो. तुम्ही पहिले, म्हणून तुमचा नंबर सगळ्यात लहान. तुम्हाला पुसलं आणि तो रिकामा झाला. आपला ग्रुप बनवायचा प्रोग्राम रिकामा दिसेल तो लहानात लहान नंबर उचलतो. त्यानं तुमचा उचलला. चिठ्ठीवर ग्रुप लागतात ते लहान नंबरापासून मोठ्याकडे. म्हणजे तुमचे फोटो प्रत्येकाच्या चिठ्ठीवर पुढे जाऊन बसले, आणि ज्याची आधीच सोळा भरलेली त्याचं शेवटचं खाली पडलं. अनघा मॅडमचं शेवटचं म्हणजे लहान मुलांचं ओटी. तुम्हीच जिन्यात उघडून दिलेलं.

प्रेमानं केलं होतं सगळ्यांनी, रावसाहेब. तुमच्यासाठी केलं होतं. आणि तुमच्याच नंबरवर तुमच्याच आठवणी बसल्या आणि त्यांनी त्या लेकराचं दार लावून घेतलं. घाटावर इतकी माणसं होती, पण मला अशी भीती वाटली की जणू मी एकटीच उभी आहे आणि मागून कुणीतरी येतंय.

"प्रसाद, अनघा मॅडमना श्रद्धांजलीमधून काढ. आत्ता. बाकीचं नंतर."

"रावसाहेबांच्या ग्रुपमधून काढू?"

"रावसाहेबांनाच आधी काढ म्हणते ना मी!"

मी हे इतक्या मोठ्यानं ओरडले की घाटावरचे दोन-चार लोक वळून बघायला लागले. वहिनीही बघत होत्या. मग अनघा मॅडमना फोन केला, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा म्हटलं. त्या फोन न ठेवता करत होत्या. मला कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता आणि मागे त्या लेकराचा श्वास. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शिट्टीसारखा, पण अर्धाच.

"उघडलं," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

लेकरू वाचलं. दाणा निघाला. संध्याकाळी ते आईच्या मांडीवर बसून बिस्कीट मागत होतं, असं सिस्टरनं सांगितलं. मी मात्र घरी जाऊन दार लावून रडले. सुटका झाल्याचं रडणं नव्हतं ते. मला एवढंच दिसत होतं, की असं गप्प पडलेलं आणखी कुठे कुठे काय असेल, आणि ते कळायला आता कुणाचं लेकरू यावं लागेल?

हो, आणि कावळा. मी परत खाली उतरले तोवर शिवून गेला होता. कधी, ते मी बघितलं नाही. तुम्ही कशाला थांबला होतात ते मला विचारायचं नाही.

त्यानंतर मी नाशिक रोडला तुमच्या घरी गेले. वहिनींना वाटलं असणार, ही बाई दहाव्याला येऊन घाटावर तुमच्या नावानं ओरडली का? म्हणून त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, सोळा, पंगत, सतराव्याला न सांगता उठवणं. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. तुमच्या शेवटच्या सकाळचं त्यांनी मला सांगितलं. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाला होतात. त्या म्हणाल्या, रोज हॉस्पिटलात जाता, तिथंच एक कार्डिओग्राम काढून घ्या. तुम्ही म्हणालात, आज नव्या बिल्डिंगचं हाय, उद्या बघू. रावसाहेब, तुमच्या टेबलापासून ईसीजीची खोली एक जिना खाली आहे.

मग वहिनींनी ताट बाजूला ठेवलं.

"ताई, त्यांच्या त्या सोळात मी बसत व्हते का?"

 तुमचा मुलगा आत उठून गेला. त्यांनी रागानं विचारलं नव्हतं, नाहीतर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं.

त्या दिवशी मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, भीतीनंच ढकललं. तुम्ही म्हणायचात तशी यादी झाडायला घेतली. प्रसादला बरोबर घेतलं आणि तुमच्यासारखंच चालत निघाले, विभागा-विभागात. प्रत्येकाला विचारायचं, तुम्हाला काय काय लागतं. गंमत अशी की जाईन तिथे लोक आधीच घाबरायचे. आयसीयूच्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "आता कोणतं दार बंद करणार?" मी म्हटलं, बंद नाही करायचं, सगळी लिहून घ्यायचीत. त्यांना खरं वाटेना. मग त्या म्हणाल्या, "रावसाहेब विचारून काढायचे ना, त्यामुळे काढल्याचं कधी वाईट वाटलं नाही." हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. मलाही तुमचं ते विचारणं आवडायचं. भांडणाच्या भरात राहून गेलं.

तुमचं खातं परत तयार केलं. तोच नंबर, हट्टानं. श्रद्धांजलीला पंगतीच्या शेवटचा नंबर दिला, आणि अनघा मॅडमना मुद्दाम त्यात पुन्हा घातलं. त्यांचा सतरावा. तो त्यांना दिसला की समजायचं, सेटिंग चाललं.

रविवारी सकाळी, एकही मोठं ऑपरेशन नसताना, मी ते सेटिंग बदलायला बसले. यादी तपासून झाली होती, पुन्हा तपासली होती, तरी बोट एंटरवर जाईना. तुमचं वाक्य कानात, नेमका तो मनुष्य ओटीत उभा असला मग? प्रसाद म्हणाला, "मॅडम, आज राहू द्यायचं का?" अगदी तुमच्या सुरात म्हणाला. कुणाकडून शिकला देव जाणे. मी दाबलं.

पहिला फोन डायलिसिसमधून आला. तिथल्या टेक्निशियनला काहीच दिसत नव्हतं, एकही फोल्डर नाही. तुम्ही म्हणाला होता तस्संच, सगळीच्या सगळी बंद.  त्याचा नंबर दोन ठिकाणी दोन निघाला. एवढं तपासूनही एक निसटला होताच. दुरुस्त केला, त्याला दिसायला लागलं. मग फोन गप्प झाला, आणि त्या गप्प फोनसमोर मी बसून राहिले. इतकी घाबरून मी आयुष्यात कधी बसले नसेन.

शेवटी अनघा मॅडमचा आला. "मंजू, रावसाहेबांचे फोटो दिसतायत गं. कांद्याची गोणी खांद्यावर घेतलेला तो लिफ्टमधला सुद्धा."

"आणि ओटीचे स्कॅन?"

"तेही. दोन्ही दिसतंय."

मी वहिनींना फोन लावला. का लावला, ते सांगता येणार नाही. त्यांना कुणीतरी सांगायला हवं असं वाटलं. म्हटलं, वहिनी, ते सोळाचं झालं. आता कुणी बाहेर पडत नाही. सगळे बसतात.

 मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "हे आधी नव्हतं का करता येत?"

रावसाहेब, येत होतं. सेटिंग होतं, यादी झाडता येत होती, जिना उतरून ईसीजी काढता येत होता. मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. वहिनी फोन धरून थांबल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, रावसाहेब म्हणायचे, उद्या बघू.